शेगुलामावशीने आणलेलं दुसरं स्थळ

मला शेगुलामावशीने वाचवलं, हे आधी लिहून टाकते. कशातून, ते पुढे येईलच. माझी शाळा मराठी चौथीला सुटली. लिहायला बसलं की भलतीकडेच वाहत जाते आणि ज्याच्यासाठी बसले तेच राहून जातं. म्हणून नाव आधी. शेगुलामावशी, मूळची पेणकडची, आता मुक्काम डिमोना.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. अश्केलोनजवळच्या माबाऱ्यात आपली, म्हणजे कोकणातली ज्यू, म्हणून जेवढी माणसं होती त्या सगळ्यांची ती मावशी. माबारा म्हणजे देशोदेशींहून या नव्या देशात आलेल्या ज्यूंची तात्पुरती वस्ती. आधी तंबू, मग पत्र्याच्या खोल्या, खाली वाळू, आणि आमच्या सगळ्या रांगेला मिळून एक नळ. मावशी इतकी बुटकी की नळाखाली डबा ठेवायला तिला वाकावं लागत नसे. नऊवारी लुगडं, कासोटा घट्ट, दाताला मिश्री. मिश्रीचा डबा तिने गावाहून भरून आणला होता. तो संपल्यावर तिने इथली तंबाखू तव्यावर भाजून पाहिली, तेव्हा शेजारचं रोमानियाचं कुटुंब आग लागली म्हणून पाण्याची बादली घेऊन धावत आलं. मावशीने त्यांना बसवून चहा दिला आणि त्यांच्या मुलाचं वय विचारलं.

कारण तिचं काम तेच. लग्नं जमवणं.

कोणाच्याही घरात शिरली की ती माणसांकडे बघायच्या आधी चुलीकडे बघायची. सरळ भांड्यावरचं झाकण उचलायची. आमच्या मामीला याचा फार राग. मावशी म्हणायची, तोंडं काय, पाहुणा आला की सगळीच हसरी होतात, भांडं काही हसत नाही. कोणाकडे आमटी पातळ, कोणाकडे भाताला वास, हे पाहून ती त्या घरात कसली मुलगी नांदेल ते ठरवायची. आणि उठताना ठरलेलं वाक्य, “मी आपली विचारते हो.” या चार शब्दांवर तिने कोकणातली कितीतरी घरं एकमेकांना जोडली असतील.

वयाच्या बाबतीत तिचा एक खास हातखंडा होता. आपल्याकडे खेड्यात मुलीचा जन्म लिहून ठेवतो कोण? मावशी ते लग्नांवरून धरायची. अमक्याच्या मेहंदीला हिची आई सातव्या महिन्यात होती, तमक्याच्या साखरपुड्याला ही रांगत होती, म्हणजे हिचं वय आता एवढं. हा खरा हिशेब तिच्या पोटात. ओठावरचा निराळा. नवरा तिशीतला असला तर मुलगी अठराची, नवरा अठराचा असला तर तीच मुलगी चौदाची. आणि याला कोणी खोटं म्हणत नसे. शिंपी कापड बेतताना थोडं इकडे तिकडे धरतो, तसं ते.

तिकडे सरकारचा कायदा होता म्हणे, मुलगी चौदाची तरी हवी, पुढे ते पंधरा केलं. पण मावशीच्या सांगण्याप्रमाणे तो कायदा बंदरावरच राहिला, खाडी ओलांडून तिच्या गावी कधी आलाच नाही.

माबाऱ्यात मात्र तिची पंचाईत झाली. नळाच्या रांगेत सगळं जग उभं. येमेनची, इराकची, मोरोक्कोची, रोमानियाची. भाषा कोणाची कोणाला येईना. मावशीला तर हिब्रू म्हणजे प्रार्थनेतलं, त्यात बादली, डबा, नवरा असले शब्द ओळखीचे नव्हते. तरी ती गप्प राहीना. एकदा तिने रांगेतच चौकशी सुरू केली की तुमच्याकडे मुलीचं लग्न केव्हा करतात. समोरच्या बाईच्या पोरीकडे बोट दाखवायची आणि स्वतःच्या गळ्याभोवती मंगळसूत्र बांधल्याची खूण करायची. येमेनची बाई घाबरून पोरीला पदराआड घेऊन उभी राहिली, तिला वाटलं ही बाई गळा दाबायचं म्हणते आहे. मग मावशीने डोक्यावरून पदर ओढून, मान खाली घालून, लाजून दाखवलं. रांग हसली आणि सगळ्यांना कळलं.

येमेनच्या बाईने हात आपल्या कमरेशी धरला. एवढी झाली की. इराकवालीने छातीशी धरला आणि मग हलवला, म्हणजे मागेपुढे, घरावर अवलंबून. रोमानियाच्या बाईने आधी हवेत पुस्तक वाचून दाखवलं, मग हात स्वतःच्या डोक्याच्याही वर नेला. मावशी मान वर करून त्या हाताकडे बघत राहिली. म्हणाली, “बापरे, तोवर हिला घरात ठेवतात? खायला काय घालतात?”

मी मागे उभी होते. मी सहज विचारलं, “आणि मावशी, तुमचं?”

तिने हात खाली नेला, येमेनच्याही खाली. “मी एवढी होते. लग्न लागलं त्याचं काही वाटलं नाही मला. लगोऱ्या अर्ध्यावर टाकून आत चल म्हणाले, त्याचं रडू आलं. माझा डाव होता.” एवढं बोलून तिने डबा नळाखाली सारला.

थोड्याच दिवसांत एक सरकारी बाई माबाऱ्यात आल्या. उन्हाने लाल झालेल्या, पायात मोजे. इथला नवा कायदा समजावून सांगत होत्या आणि मुंबईत टायपिस्ट असलेले आपलेच एक गृहस्थ त्याचं मराठी करत होते. सतरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न नाही. मग ती येमेनची असो, इराकची असो की कोकणातली. लावलं तर नवऱ्याला शिक्षा, आईबापांना शिक्षा, लग्न लावणाऱ्याला शिक्षा आणि त्यात मदत करणाऱ्यालाही.

मावशी उभी राहिली. जमवणाऱ्याला? त्यालाही, असं उत्तर आलं. मेहंदी काढणारीला? गाणी म्हणणाऱ्या बायकांना? जेवण वाढणाऱ्यांना? टायपिस्टसाहेब प्रत्येक प्रश्न नेऊन पोचवत होते आणि बाईंचा चेहरा आणखी लाल होत होता. शेवटी त्या म्हणाल्या की मुलगी लहान आहे हे माहीत असून जो कोणी लग्न घडवील तो. मावशी खाली बसली. आम्हाला वाटलं, घाबरली. पण परत येताना ती छाती काढून चालत होती. गावात आपल्यावाचून लग्न होत नव्हतं हे गावाला ठाऊक होतं, पण कुठल्या सरकारने त्याची दखल घेतली नव्हती. इथल्या सरकारने तिला धरून कायदा केला, असं ती चारचौघांत सांगू लागली.

त्या दिवसापासून सतराचा हिब्रू आकडा, ‘श्वा-एस्रे’, तिला पाठ झाला. ती तो कोणालाही ऐकवायची. रस्त्याने मुली खेळताना दिसल्या तरी म्हणायची. पोरं तिला श्वा-एस्रे आजी म्हणून हाका मारायची आणि ती ओ द्यायची.

कायद्यामुळे तिचं काम थांबलं, असं मात्र समजू नका. आपल्यातल्या एका मुलाचं इराकच्या मुलीशी तिनेच जमवलं, तेही अरबीचा एक शब्द न येता. मुलगी चांगली वीस वर्षांची आहे, हे तिने आधी तिच्या आजीकडून हाताच्या बोटांवर मोजून घेतलं होतं. दोन्ही घरांत जाऊन मावशी इतकी प्रसन्न मान हलवायची, की जेवण समोरचे करणार असं प्रत्येकाला वाटलं. लग्नाच्या दिवशी दोन्हीकडच्यांनी हात झटकले. शेवटी ऐन वेळी दोन्ही घरांत चुली पेटल्या. एकीकडे खजूर घातलेला भात, दुसरीकडे पोह्यांचा मलिदा, आणि खाणारी सगळी रांग. त्या लग्नासारखं मी अजून कुठे जेवलेले नाही.

आता माझं सांगते.

मी मामाबरोबर आले. आई धाकट्या भावंडांना घेऊन ठाण्याला राहिली होती, ती मागून यायची होती. आज येईल, पुढल्या विमानाने येईल, असं चाललं होतं. बन्यामीनमामा माणूस वाईट नव्हता. स्वतःची पोरं, त्यात मी, आणि सगळ्यांना मिळून एक खोली. उतरलो त्या दिवशी टेबलामागच्या माणसाने वयं विचारली तेव्हा मामाने मला अठराची सांगितलं, म्हणजे मला मोठ्या माणसाचं काम मिळेल. आणि स्वतःच्या रिवकाला चौदाची सांगितलं, कारण रेशनवर लहान पोरांना दूध आणि अंडी जास्त मिळायची. असं पुष्कळांनी केलं होतं. मी लगेच संत्र्यांच्या कामाला लागले. पेटीत भरायच्या आधी एकेक संत्रं कागदात गुंडाळायचं. रिवका शाळेत जायची आणि सकाळी दूध प्यायची.

मग हैफाच्या गोदीतलं स्थळ आलं. सॅमसन नाव. तिशीकडे झुकलेला, शांत, पोरांसाठी लिमलेटच्या गोळ्या घेऊन आला होता. माझ्याशी एकच वाक्य बोलला, “हैफाला चढ फार आहे, चालवेल ना?” मी मान हलवली. कशाला हलवली कोण जाणे. मामाचं अन्न खात होते, नाही कुठल्या तोंडाने म्हणायचं? सॅमसनला लग्न झालं तर खोली मिळणार होती, आणि उशीर झाला तर ती दुसऱ्या जोडप्याला जाणार होती. म्हणून घाई. आई यायच्या आत लग्न.

मला काय वाटत होतं ते मला धड सांगता आलं नसतं. आई नसताना माझ्या हातावर मेहंदी कोणी काढायची, एवढंच सारखं मनात यायचं. आणि खरं सांगायचं तर भीती. माझं अंग अजून मला नीट ओळखीचं झालं नव्हतं.

लग्नाची नोंद करायची तर मुलीला जन्मापासून ओळखणारे आपल्यातले दोन पुरुष साक्षीला हवे होते. मामा मावशीकडे गेला. तुमच्या शालोमला पाठवा, अठरा सांगायचं, एवढंच काम. शालोम म्हणजे मावशीचा मुलगा, आमच्याच गावचा, आईच्या शब्दाबाहेर न जाणारा. मामाने हे इतक्या सहज मागितलं, जसं कोणी मीठ मागावं. मावशीने आजवर जन्मभर हेच तर केलं होतं.

मावशी बघते म्हणाली. दुसऱ्या दिवशी नळावर तिने मला गाठलं. तुझ्या मनात काय, असं विचारलं. मी म्हटलं, आई येईपर्यंत थांबलं असतं तर. मावशीने माझ्याकडे पाहिलं, वरून खालपर्यंत, भांड्यात बघावं तसं. डबा उचलला आणि गेली. मला वाटलं, संपलं.

शनिवारी दुपारी ती आमच्याकडे आली. चांगलं जांभळं लुगडं नेसून, केसात तेल घालून, आणि हातात एक मोठं संत्रं, कारण नारळ इथे मिळत नव्हता. मामीला वाटलं, माझ्यासाठीच आली. मामीने चहा ठेवला. मावशीने त्या दिवशी झाकण उचललं नाही. हे काहीतरी वेगळं आहे ते मला तिथेच कळायला हवं होतं.

बसली आणि म्हणाली, “बन्या, दुसरं स्थळ घेऊन आलेय. हैफाचंच, गोदीतलंच. मुलगा माझ्या नजरेखालचा. तुझ्या रिवकासाठी.”

मामा हसला. “मावशी, काय थट्टा करता. पोर आहे ती. चौदा वर्षांची.”

“दोघींचं एकाच मांडवात होईल. एकदाच चुली पेटवायच्या.”

“अहो, पण चौदा...”

“आणि दीना?”

“दीना अठराची,” मामा म्हणाला. माझ्याकडे न बघता.

“बरं.” मावशीने संत्रं मांडीवर ठेवलं आणि बोटांवर मोजायला लागली. “दीना खिरीच्या सणाच्या आधी झाली. तिच्या बारशाच्या घुगऱ्या मी खाल्ल्यात. सण झाला आणि तुझी रिवका झाली. तुझ्या बायकोला ताप भरला, दूध आलं नाही, तेव्हा तुझ्या बहिणीने दोघींना पाजलं. एक या अंगाला, एक त्या अंगाला. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. आता तू म्हणतोस ही अठराची आणि ती चौदाची. म्हणजे तुझ्या बहिणीने चार वर्षं दूध राखून ठेवलं होतं म्हणायचं.”

रिवकाला हसू फुटलं. मामीने तिला डोळ्यांनी दाबलं.

मामा म्हणाला, “मावशी, ते कागदावरचं आहे. तुम्हाला काय सांगायला हवं?”

“कागदावर काय घालायचं ते घाल. मांडवात मी कागद उभा करत नाही, पोरगी उभी करते. दीना लग्नाची असेल तर रिवकाही लग्नाची. हो म्हण, मी निरोप देते.”

मामी एकदम पुढे आली आणि रिवकाला तिने जवळ ओढलं. “माझी पोर नाही द्यायची मला. अजून झोपेत दचकली की मला हाका मारते ती. हे काय वय आहे का...” आणि तिची नजर माझ्यावर पडली.

“हिलाही आई आहे,” मावशी हळू म्हणाली. “आज इथे नाही, एवढंच.”

चहा उकळून सांडला, तो कोणी उतरवला नाही. मामा उठून बाहेर गेला आणि पत्र्याच्या सावलीला उकिडवा बसला. आम्हाला दारातून त्याची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने त्याने तिथूनच विचारलं, “सॅमसनला काय सांगू?”

“ते माझ्यावर सोड.”

“आणि रिवकाचं दूध बंद करतील ना आता?”

“मी कुठे दुधावर आलेय?” मावशी म्हणाली. “पिऊ दे तिला. फक्त पेला दोघींत कर. लहानपणची सवय आहे त्यांना.”

ती उठली. दारात म्हणाली, “मी आपली विचारते हो,” आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून सकाळी अर्धा पेला दूध माझ्या पुढ्यात यायला लागलं. मामीच ठेवायची. मामाने पुढचा आठवडा माझी नजर चुकवून काढला, मग एके दिवशी कामावरून येताना माझ्यासाठी चपलांचा जोड घेऊन आला. त्याच्याकडून तेवढं पुष्कळ होतं.

सॅमसनकडे मावशी बसने स्वतः गेली. तो रागावला म्हणे, पण माझ्यावर नव्हे. मला अठरा सांगितलं होतं, मी काय पोर पळवणारा वाटलो का, असं म्हणाला. मावशीने त्याला तिथेच दुसरी मुलगी सुचवली, ठाण्याकडची, खरोखरच्या विशीतली, आणि पायाने दणकट. चढाचं ती बोलली असणारच. त्याचं लग्न वेळेत झालं आणि खोलीही मिळाली. मी लग्नाला गेले होते आणि गाणी म्हणायला मावशीच्या शेजारी बसले होते.

तेव्हाच मी तिला विचारलं. रिवकासाठी आणलेला तो हैफाचा मुलगा कोण होता? त्याला बिचाऱ्याला काय सांगितलंत?

मावशीने गाणं चालू ठेवून माझ्याकडे पाहिलं. कडवं संपल्यावर म्हणाली, “कोण मुलगा? तुमच्यापैकी नाव तरी विचारलं का कोणी?”

खरंच कोणी विचारलं नव्हतं. इतक्या मोठ्या माणसांतून कोणालाच सुचलं नव्हतं. जन्मभर पोरींची वयं बेतणाऱ्या मावशीने त्या दिवशी एक अख्खा नवरा बेतला होता.

आई पुढल्या हिवाळ्यात आली. मी तिला घ्यायला गेले तेव्हा तिने मला आधी ओळखलंच नाही, मी उंच झाले होते. मग मी संध्याकाळच्या हिब्रूच्या वर्गाला जायला लागले. आता दवाखान्यात बाळंतिणींच्या खोलीत मदतनीस आहे. येमेनच्या, मोरोक्कोच्या, आपल्या, सगळ्या बायका येतात. एखादी फारच लहान दिसली की मी तिच्याजवळ जरा जास्त वेळ थांबते. लग्न माझंही व्हायचं आहे. ठरलं आहे, आणि यावेळी मला विचारून ठरलं आहे.

मावशीला मी शेवटची पाहिली ती ट्रकवर. शालोमला डिमोनाला काम लागलं, घरं तिथे नवी बांधत होते. सामान मागे, सून आणि नातवंडं सामानावर, पण मावशी मागे बसायला तयार होईना. तिला ड्रायव्हरच्या शेजारी चढवावं लागलं, दोघांनी उचलून. ड्रायव्हर तरणा, कुरळ्या केसांचा, कुठला होता देव जाणे. मी निरोपाला खिडकीशी उभी होते. मला वाटलं, आता ती काही बोलेल, मी रडेन. पण तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ती त्याच्या डाव्या हाताकडे बघत होती, अंगठी आहे का ते. मग तिने डोक्यावर पदर ओढला, मान खाली घातली, आणि लाजून दाखवलं. ड्रायव्हर इतका हसला की ट्रक बंद पडला. दोनदा सुरू करावा लागला. वळणापर्यंत मला त्या दोघांच्या माना हलताना दिसत होत्या.

शालोमची बायको अधूनमधून बातमी कळवते. मावशीचे डोळे अधू झाले आहेत. माणूस ओळखते ती आवाजावरून. घराबाहेर एकटीला सोडत नाहीत म्हणून चिडचिड करते म्हणे, नव्या इमारतींतून कोण कोण आलं, कोणाकडे काय शिजतं, तिला काहीच कळत नाही.

माझं लग्न झालं की मी डिमोनाला जाणार आहे. चार दिवसांची रजा जमेल तेव्हा चार दिवसांची, पुढे जास्त. मी तिचा हात धरून तिला एकेक जिना चढवीन. दार मी वाजवीन, भांड्यावरचं झाकण मी उचलीन, पोरगी कशी, पोरगा कसा, कानात सांगीन. विचारायचं ते ती विचारील. हे फेडल्याशिवाय राहायची नाही मी, मावशी.